आहेराची खोली

अवधूत हावळचा डावा कान त्याच्या बापानं फोडला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. कारण विचाराल तर काही नाही. मागावर धागा तुटला होता आणि पोरगं हाताशी होतं. इचलकरंजीत तेव्हा जुने खडखडणारे माग अजून शिल्लक होते, आणि हावळांचा संसार म्हणजे खाली चार माग अन् वर दोन खोल्या. बापाचा पंजा कानावर बसला तसं पोरगं भेलकांडत जाऊन मागाच्या लोखंडी चौकटीवर आदळलं. वर शेजारणी चहा पीत बसल्या होत्या, पण कुणाला काही ऐकू गेलं नाही. मागाचा आवाजच असा की खाली माणूस मेला असता तरी वर दुसरा कप ओतला गेला असता.

कानाचा पडदा फाटला, पुढे आतली नसही गेली. त्यानंतर आठवडाभर बाप रोज अंथरुणाशी येऊन बसायचा, डोक्यावरून हात फिरवायचा, चुकलं म्हणायचा. अवधूत तेव्हा उजव्या कुशीवर वळे. चांगला कान उशीत गाडला की बापाचं एक अक्षर आत येत नसे. माफी मागणाऱ्याला याहून पक्की शिक्षा नाही, आणि ती नऊ वर्षांच्या पोरानं आपली आपणच शोधून काढली होती.

एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. अशा माणसानं घरोघर होम थिएटर बसवायचा धंदा धरावा, म्हणजे आंधळ्यानं चष्म्याचं दुकान काढण्यातला प्रकार. पण अवधूतचा हात चांगला होता आणि त्याच्याकडे तृप्ती होती. तृप्ती त्याची सहा वर्षांनी धाकटी बहीण. आईबाप गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं. काम संपलं की ती मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसे, अवधूत एकेका स्पीकरातून टिकटिक सोडे, आणि ज्या बाजूनं आवाज येईल तो हात ती वर करी. तोंडानं सांगायची गरज नव्हती. मागाच्या गोंगाटात वाढलेली माणसं निम्मं आयुष्य हातांनीच बोलतात. दहातल्या एखाद्या कामात हात भलताच वर होई. मग अवधूत जीभ चावून मशीनमागे जाई आणि वायरी बदली.

दोन हजार एक्केचाळीस साली तृप्तीचं लग्न ठरलं. स्थळ तालेवार होतं. लोल्यांच्या शेडमध्ये चोवीस एअरजेट माग होते आणि घरात आई, थोरला विश्वजीत नि धाकटा इंद्रजीत अशी तीनच माणसं. विश्वजीत म्हणजे नवरामुलगा. बहिणीचा आहेर म्हणून अवधूतनं लोल्यांच्या वरच्या मजल्यावर थिएटर बांधून द्यायचं कबूल केलं. विश्वजीतची अट एकच होती, “बाहेर अवाक्षर जाता कामा नये, पाहुणे.” अवधूतनं भिंतीत दगडी लोकर ठासली, तिच्यावर दुहेरी जिप्सम चढवलं, मागच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर रबरी कडांचं जाड दार लावलं. मग आत लवंगी फटाक्यांची अख्खी माळ वाजवली. दाराबाहेर विश्वजीतची आई लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी अवधूतची छाती दोन इंच फुगली, हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच आठवणीनं त्याला जेवण जाईना.

खोलीत अकरा स्पीकर आणि तीन खुर्च्या होत्या. पडद्याकडे तोंड करून बसलं की डावी खुर्ची विश्वजीतची, उजवी इंद्रजीतची, मधली पाहुण्यांची. दोन्ही भावांच्या खुर्च्यांच्या मोटारी अवधूतनं ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापानं बसवल्या होत्या. राहिली होती फक्त शेवटची तपासणी. पण लग्न दोन दिवसांवर आलं होतं, आणि नवरीनं लग्नाआधी सासरचा उंबरा ओलांडायचा नाही ही रीत. अवधूतनं मशीनच्या आपोआप तपासणीवर भागवलं आणि हळदीला निघून गेला.

मशीनचं नाव नादवेध. त्या दोन वर्षांत ते बऱ्या घरांतून सगळीकडे दिसू लागलं होतं. त्याची युक्ती तशी साधी. स्पीकर आणि माईक मुळात एकच. वीज सोडली की स्पीकरचा पडदा हलतो आणि आवाज निघतो. उलट आवाजानं तोच पडदा हलला तर तारेत बारीकशी वीज उमटते. नादवेध सेकंदाला हजारदा थबकून ती बारीक वीज वाचत असे. आपण काय वाजवलं हे त्याला ठाऊक असतंच. ऐकलेल्यातून वाजवलेलं वजा केलं की खाली उरते ती खोली. पडदा सरकला का, खुर्चीत माणूस आहे का, असला तर कुठे वाकलाय, हे ओळखून ते त्या माणसापुरता आवाज घडवी. मशीन बंद दिसलं तरी हे ऐकणं चालूच असे.

उरलेल्या या भागाला कंपनी अवशेष म्हणे, अवधूत गाळ म्हणे. माणसाचं बोलणं साठवायला कायद्यानं बंदी होती, म्हणून यंत्र वरचे सूर टाकून देई आणि खालचे धक्के तेवढे ठेवी: पावलं, खुर्चीतून उठणं, काही पडणं. आवाज वीतभर अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात कापतो, तरी अकरा ठिकाणी तो अकरा वेळांना पोहोचतो. त्या फरकांवरून धक्का कुठे बसला ते यंत्र हातभराच्या आत सांगे. घराच्या सवयी कळाव्यात म्हणून चाळीस दिवसांचा गाळ साठवलेला असे. तो बघण्याचा गुप्त आकडा फक्त बसवणाऱ्याकडे. मालकाला तो साठतो हेही बहुधा माहीत नसे.

लग्नाला सव्वा वर्ष झालं. एका रविवारी संध्याकाळी विश्वजीतचा फोन आला, की तृप्ती स्टुलावरून पडली, छतातला स्पीकर पुसताना.

अवधूत दवाखान्यात पोहोचला तेव्हा ती बेशुद्ध होती. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तो डॉक्टरांनी तारेनं बांधला होता. तीन बरगड्या गेल्या होत्या. एक डोळा सुजून दिसेनासा झाला होता. विश्वजीत खाटेच्या पायथ्याशी ढसाढसा रडत होता. इंद्रजीत मात्र आत आलाच नाही. मनगटाला प्लास्टर घालून तो जिन्यापाशी उभा होता आणि अवधूतकडे बघायचं टाळत होता. अवधूतच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्या घरातले छतातले स्पीकर कापडाच्या आत होते. ते पुसायची सोयच नव्हती.

सोमवारी दुपारी तो लोल्यांच्या घरी गेला. एक स्पीकर खराब झाला असेल, बघतो, असं सांगितल्यावर विश्वजीतच्या आईनं वर सोडलं. खोली धुऊन काढलेली होती. विश्वजीतच्या खुर्चीशेजारी आता दारूच्या बाटल्यांचा एक बुटका फ्रीज आला होता. अवधूतनं आकडा दाबला, तसा भिंतभर पडद्यावर खोलीचा वरून काढलेला नकाशा उमटला. तारीख रविवारची, वेळ दुपारची. मॅच चालू होती. दोन खुर्च्यांत दोन ठिपके होते आणि उजव्या खुर्चीला लागून तिसरा एक बारीक ठिपका सारखा थरथरत होता. तो कचरा असेल म्हणून त्यानं सोडून दिला.

दार उघडलं. हलकी पावलं आत आली. ती तृप्तीची, बहुधा हातात भज्यांची ताटली. पावलं मधल्या खुर्चीशी थांबली. उजव्या खुर्चीतला ठिपका उठला आणि त्यानं पाच पावलं टाकली. मग जमिनीलगत एक मोठा लाल गोळा फुटला. माणूस अंगानिशी खाली आला की नकाशात असा गोळा उमटतो. त्यानंतर त्याच जागी गोळे येत राहिले. एक, दोन, तीन. पडद्याला आवाज नव्हता, किंकाळी नव्हती, नुसते लाल गोळे. नवव्यानंतर डाव्या खुर्चीतला ठिपका धावत येऊन मध्ये शिरला. झटापट झाली. तो भिंतीवर फेकला गेला. गोळे पुन्हा सुरू झाले. सतरापर्यंत गेले.

अवधूतनं मागचे दिवस उघडले. चाळीस दिवसांत अकरा वेळा. दर वेळी उठणारा उजव्या खुर्चीतून उठत होता. ज्या खोलीतून फटाक्यांची माळ बाहेर ऐकू गेली नव्हती, त्या खोलीत त्याची बहीण अकरा वेळा ओरडली होती, आणि ती खोली त्यानंच बांधली होती. तो तिथेच गालिच्यावर ओकला.

उजवी खुर्ची इंद्रजीतची. मनगटाचं प्लास्टर इंद्रजीतच्या हाताला. मध्ये पडणारा विश्वजीत, जो खाटेशी रडत होता. यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, असं अवधूतला वाटलं. पोलिसात जावं, हे मनात आलं नाही असं नाही. आलं आणि गेलं. तो बापाचाच मुलगा होता.

शेडमध्ये चोवीस एअरजेट हवा ओकत होते. इंद्रजीत दूरच्या टोकाला, उतरवलेल्या कापडाच्या ताग्यांपाशी उभा होता. ऑफिसच्या टेबलावर लोल्यांच्या आजोबांचा जुना धोटा आठवण म्हणून ठेवला होता: मागात आडवा धागा नेणारं दीड वीत शिसवी लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी चोच. अवधूतनं तो उचलला आणि सरळ चालत गेला. इंद्रजीतनं त्याचा चेहरा पाहिला आणि तळहात उताणा धरून हलवला. मागवाल्यांची खूण ती, थांब, ऐकून घे. अवधूतला ती खूण चालायला लागण्याआधीपासून ठाऊक होती.

त्यानं धोटा घातला. पहिला घाव डाव्या कानावर बसला आणि पांढऱ्या ताग्यावर रक्ताची रांग उठली. इंद्रजीत गुडघ्यांवर आला, तरी एका हातानं तीच खूण करत होता. दुसरा घाव पुन्हा कानावर, तिसरा खांद्यावर. हाड मोडल्याचं अवधूतला मुठीतच कळलं. घाव घालताना त्याला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. सव्वा वर्षात इतकं बरं वाटलं नव्हतं. चार कामगारांनी मिळून त्याला ओढला, तेव्हा इंद्रजीत हालत नव्हता.

विश्वजीत धावत आला. भावाला गाडीत घालून दवाखान्यात धाडला आणि अवधूतला ऑफिसात नेऊन पाणी दिलं. अवधूतनं धापा टाकत सगळं सांगितलं: गाळ, नकाशा, उजवी खुर्ची, सतरा गोळे. विश्वजीतनं उठून ऑफिसचं दार लावून घेतलं. मग त्यानं विचारलं, हे आणखी कुणी बघितलंय का, मशीनबाहेर त्याची नक्कल आहे का. दोन्ही नाही म्हटल्यावर त्यानं डोळ्यांना रुमाल लावला.

“भाऊ आहे ओ माझा,” तो म्हणाला. “तोंड उघडलं तर घर मोडतंय, न्हाई उघडलं तर ती मरतीया. मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा.”

अवधूतनं त्याचे हात हातात घेतले. असा मेहुणा मिळाल्याबद्दल त्यानं मनात देवाचे आभारसुद्धा मानले. पोलिसात विश्वजीतनं काही कळवलं नाही. घरचं घरात राहू दे, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की मशीन फोडून टाकलं, नाहीतर इंद्रजीत तुरुंगात जाईल आणि आईला ते सोसायचं नाही. मोठ्या मनाचा माणूस, अवधूतला वाटलं.

गुरुवारी तृप्तीला शुद्ध आली आणि शनिवारी डॉक्टर घरी न्यायला तयार झाले. विश्वजीत खाली कागद करायला गेला होता. चौदा खाटांचा वॉर्ड, भेटायची वेळ, डबे घेऊन आलेली माणसं. तृप्तीच्या डाव्या हाताला सलाईन होतं. जबड्याच्या तारेमुळे तोंड उघडत नव्हतं. अवधूतनं तिच्या कानाशी वाकून धीर दिला, की आता घाबरू नकोस. मशीनमध्ये मी सगळं बघितलं, उजव्या खुर्चीतल्याला सोडला नाही. इंद्रजीत इथंच दवाखान्यात वरच्या मजल्यावर पडलाय. आता तू आणि दाजी, सुखात राहा.

तृप्तीचा उघडा डोळा त्याच्यावर खिळला. तिनं डावा हात उचलला. सलाईनची नळी ताणली गेली. दुखतंय म्हणून अवधूतनं तो हळूच खाली ठेवला. तिनं पुन्हा उचलला. उजवा हात मोकळा होता, पण तिला डावाच हवा होता. मग तिनं डोळा मिटून घेतला, मान सरळ केली, जशी ती लोकांच्या घरी मधल्या खुर्चीत बसायची तशी, आणि तिसऱ्यांदा डावा हात वर केला. सुई निसटली. मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलं. हात खाली आला नाही.

अवधूतला लग्नाआधीचा तो दिवस आठवला. तो मशीनच्या मागे उभा राहून वायरी खोचत होता. मागून डावं ते पुढून उजवं. मधली सोडून दहाच्या दहा वायरी त्यानं उलट्या लावल्या होत्या, आणि त्या दिवशी हात वर करायला तृप्ती नव्हती. मशीनला चूक कळायला मार्ग नव्हता; त्याला वायर सांगेल तीच बाजू खरी. लोल्यांनाही कळली नाही, मागांनी कान बोथट झालेले. आणि तो थरथरणारा बारीक ठिपका म्हणजे फ्रीज होता. फ्रीज विश्वजीतच्या खुर्चीशी होता. डोळ्यांनी बघितला होता त्यानं.

तृप्तीनं खूण करून पेन मागितलं. औषधाच्या चिठ्ठीमागं तिनं लिहिलं, “वायरी उलट्या आहेत हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, दादा. माहेरचं काम चुकलं म्हणून तुला हसतील, म्हणून बोलले नाही. इंद्रजीतभाऊजी दर वेळी मधे पडायचे.”

विश्वजीत कागद घेऊन येताना दिसला. सोबत चाकांची खुर्ची होती. अवधूतच्या हातात सलाईनचा लोखंडी दांडा कधी आला, त्याचं त्याला कळलं नाही. तो डोक्यावर उचलणार तेवढ्यात त्याचं लक्ष तृप्तीकडे गेलं. तीन वर्षांची असताना मागाखाली लपून ती बापाकडे जशी बघायची, तशी आता त्याच्याकडे बघत होती. त्यानं दांडा खाली ठेवला.

मशीन फुटलं होतं. तृप्तीनं लिहिलेलं कागदावर होतं, आणि एकदा ती घरी गेली की तो कागद तिला फाडायला लावायला विश्वजीतला आठ दिवस पुरले असते. हातात काही नव्हतं. होता तो फक्त हा वॉर्ड.

“दाजी,” अवधूत मोठ्यानं म्हणाला, “फ्रीज तुमच्या खुर्चीजवळ हाय न्हवं?”

विश्वजीत थबकला. अवधूत बोलत सुटला. रविवारची मॅच, भज्यांची ताटली, पाच पावलं, सतरा दणके, चाळीस दिवसांत अकरा वेळा. डबे उघडायचे थांबले. विश्वजीत जवळ येऊन दातांतल्या दातांत म्हणाला, की हळू बोला, पाहुणे, लोक ऐकतायत.

“ऐकू द्या की. ह्या खोलीला लोकर लावलेली न्हाई, दाजी. हितनं सगळं भाईर जातंय.” आणि त्यानं डावा कान पुढे केला. तिथं जायचं काही उरलं नव्हतं.

विश्वजीतचा संयम चार भिंतींपुरताच होता. त्याची थप्पड बसली तशी अवधूतनं मोठ्यानं आकडा म्हटला, “एक.” हात त्यानं पाठीमागे बांधून घेतले होते. दुसरी मूठ नाकावर आली, तिसरी ओठावर. अवधूत मोजत राहिला, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठ्यानं, आणि जसजसा मोजत गेला तसतसा विश्वजीत बेभान होत गेला. सहाव्याला अवधूत खाली पडला. सातव्या-आठव्याला बरगडीत लाथ. एका म्हाताऱ्यानं डब्याचं झाकण फेकून मारलं, सिस्टरनं आरडाओरडा केला, पाच-सहा जणांचे फोन वर झाले. “नऊ,” अवधूत रक्ताच्या गुळणीतून म्हणाला. त्यानंतर वॉर्डनं विश्वजीतला आडवा केला.

पोलीस आले, त्यांनी विश्वजीतला नेलं. तृप्तीचा जबाब तिच्या खाटेवरच लेखी घेतला. आता सासर नाही, ती अवधूतच्या घरी येणार हे ठरलं. मग अवधूतनं स्वतःहून धोट्याचं सांगितलं. जाधव नावाच्या हवालदारानं ते लिहून घेतलं आणि ताब्यात घेण्याआधी त्याला वरच्या मजल्यावर जाऊ दिलं. स्वतः तो दाराशी थांबला.

इंद्रजीतचं डोकं पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेलं होतं. डाव्या कानाची नस मेली, आता तो कान कायमचा गेला, असं डॉक्टर म्हणाले होते. कुठल्या बाजूला बसायचं हे अवधूतला विचारावं लागलं नाही. तो उजवीकडे बसला आणि फुटलेल्या ओठांनी त्यानं सगळं सांगितलं: मशीनची पाठ, उलट्या वायरी, आणि शेडमध्ये इंद्रजीतनं केलेली ती खूण आपल्याला समजली होती, समजूनही आपण हात उगारला होता, हेसुद्धा. काही राखून ठेवलं नाही.

“चुकलं माझं,” तो शेवटी म्हणाला.

 खांदा दुखत असतानाही इंद्रजीत हळूहळू उजव्या कुशीवर वळला आणि त्यानं आपला चांगला कान उशीत दाबून घेतला.

आता एक अक्षर आत जात नाही, हे अवधूतइतकं कुणाला माहीत असणार? तरी हवालदार बोलवीपर्यंत तो तिथेच बसून बोलत राहिला. त्याचा बापही असाच बराच वेळ बोलत बसायचा.